ग्राफिक्स वर्कस्टेशनसाठी प्रोसेसर: ९९५०एक्स, २६५के की १४७००के?

रेखाटणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नागपुरात माझा इंटिरिअर डिझाइनचा छोटा स्टुडिओ आहे. मॉडेलिंग थ्रीडीएस मॅक्समध्ये, रेंडर (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र काढणं) कोरोनात, आराखडे ऑटोकॅडमध्ये आणि शेवटचा हात फोटोशॉपमध्ये. मशीन आय७-७७०० चं आहे, रॅम ३२ जीबी. ग्राफिक्स कार्ड मात्र नंतर बदललेलं आहे, आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. त्यामुळे नवं मशीन घ्यायचं नक्की आहे.

दुकानदाराने तीन कोटेशनं दिलीत: इंटेल आय७-१४७००के, इंटेल अल्ट्रा ७ २६५के आणि एएमडी रायझन ९ ९९५०एक्स. कार्ड सध्या तेच ठेवणार. बजेट थोडं ताणता येईल, पण पैसा चुकीच्या जागी जायला नको. कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी एककं) जास्त असावेत की क्लॉक (एकेका कोअरचा वेग)? जाणकारांनी सांगावं.

कोअर_कसर

ताई, कोटेशन जरा बाजूला ठेवा. आधी हे बघा की दिवसभरात तुम्ही मशीनसाठी नेमक्या कुठे थांबता. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करा आणि लॉजिकल प्रोसेसर्स निवडा, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा (कोअरवर एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वेगळा चौकोन दिसेल. आता नेहमीचं काम करा आणि मशीन अडेल तेव्हा चौकोनांकडे बघा.

हे सांगायचं कारण असं की एकूण टक्केवारी फसवते. तुमच्या ७७०० मध्ये ४ कोअर, ८ थ्रेड आहेत. एखाद्या कामाने एकच थ्रेड पुरता अडवला तर एकूण आकडा जेमतेम साडेबारा टक्के दिसतो. तेच काम ३२ थ्रेडच्या प्रोसेसरवर ३ टक्के दिसेल. लोक तो आकडा बघून म्हणतात, प्रोसेसर तर रिकामाच आहे, सॉफ्टवेअर खराब आहे. प्रत्यक्षात तो एक थ्रेड जीव तोडून धावत असतो आणि उरलेल्या ३१ ना त्यात हात घालता येत नाही. अशा कामाला जास्त कोअर घेऊन काही मिळत नाही, तिथे एकेका कोअरचा वेगच कामी येतो.

लोखंडी_पाटी

वरच्या प्रतिसादाला +१. तिन्ही प्रोसेसरांची ओळख करून देतो.

१४७००के मध्ये ८ पी-कोअर (वेगवान) आणि १२ ई-कोअर (वीज वाचवणारे, कमी ताकदीचे), मिळून २० कोअर आणि २८ थ्रेड. २६५के मध्येही ८ आणि १२ च, पण इंटेलने या पिढीत हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं) काढून टाकलं, म्हणून थ्रेडही २०च. ९९५०एक्स मध्ये १६ कोअर, सगळे एकाच जातीचे पूर्ण ताकदीचे, आणि ३२ थ्रेड. बूस्ट क्लॉक अनुक्रमे ५.६, ५.५ आणि ५.७ गिगाहर्ट्झ. म्हणजे एका थ्रेडच्या कामात तिघांत फार अंतर नाही. ऑटोकॅड किंवा मॅक्सच्या व्ह्यूपोर्टमध्ये (मॉडेल फिरवून बघायच्या खिडकीत) तिघंही तुमच्या ७७०० पेक्षा ठळक पुढे असतील. खरा फरक रेंडरला पडतो, तिथे ९९५०एक्स वरच्या गटात आहे.

सॉकेटचंही (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) बघा. १४७००के चा एलजीए १७०० आता थांबलाय, त्या बोर्डावर पुढे काही येणार नाही. ९९५०एक्स च्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. स्टुडिओचं मशीन पाच-सात वर्षं चालवायचं असेल तर ही बाब हलकी धरू नका.

आणि दुकानात सिनेबेंचचा आकडा दाखवतील त्यावर भाळू नका. ती चाचणी सिनेमा ४डी च्या रेंडर इंजिनावर बेतलेली आहे. रेंडर कसं होईल ते ती सांगते. मॉडेल फिरवताना मशीन अडखळेल का, हे सांगत नाही.

जुनं_सोनं

थोडा वेगळा विचार मांडतो. रिफर्बिश्ड बाजारात दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ असलेली वर्कस्टेशनं मिळतात. प्रत्येकी १४ म्हणजे एकूण २८ कोअर, ५६ थ्रेड, सोबत १२८ जीबी ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम, आणि किंमत नव्या मशीनच्या निम्म्याहून कमी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा. रेंडर कोरोनाचंच करायचं असेल तर हा पर्याय सरळ नाकारू नये.

लोखंडी_पाटी

नम्रपणे असहमत. तो प्रोसेसर २०१६ चा आहे. टर्बो ३.३ गिगाहर्ट्झ, तोही सगळे कोअर कामाला लागल्यावर टिकत नाही. एकेका कोअरच्या कामाची आजच्या झेन ५ शी (९९५०एक्स ची रचना) तुलना केली तर फारच मागे पडतं. व्ह्यूपोर्टमध्ये ताईंच्या ७७०० पेक्षाही ते मशीन सुस्त वाटेल, कारण ७७०० चा बूस्ट ४.२ आहे आणि त्याची रचनाही नवी आहे. शिवाय दोन प्रोसेसर १२० वॉटचे, जुना एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग), त्या कंपनीचा खास बोर्ड जो दुसरा सहज बसत नाही, आणि विंडोज ११ च्या यादीत हाही नाहीच. ज्या कारणासाठी मशीन बदलायचं तेच कारण शिल्लक राहतं. घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने रेंडर नोड (फक्त रेंडर करणारं जोडमशीन) म्हणून घेतलं तर ठीक, रोजीरोटीचं मुख्य मशीन म्हणून नको.

जुनं_सोनं

विंडोज ११ चा मुद्दा मान्य. माझं म्हणणं रेंडर नोडपुरतं समजा.

पिक्सेलपाटील

मी म्हणेन प्रोसेसरवर एवढा खर्चच का? ब्लेंडरचं सायकल्स, व्ही-रे जीपीयू, डी५, एनस्केप, ल्युमिअन, सगळे कार्डावर चालतात. २६५के घ्या, त्याचा भाव २०२५ मध्ये बराच उतरलाय. वाचलेल्या पैशात १६ जीबीचं कार्ड घ्या.

रेखाटणी

पिक्सेलपाटील, सल्ला पटण्यासारखा आहे, पण माझी अडचण ऐका. मटेरिअल आणि फर्निचरची सगळी लायब्ररी कोरोनाची आहे, वर्षानुवर्षं जमवलेली, आणि कोरोना कार्डावर नाही, प्रोसेसरवरच रेंडर करतं. ग्राहकांना त्याच प्रकाशाची सवय आहे. आणि बाहेर झाडं, आत पडदे-गालिचे असा सीन झाला की ३२ जीबी रॅमसुद्धा भरते, मग १२ किंवा १६ जीबीच्या कार्डात तो कसा मावणार?

कोअर_कसर यांनी सांगितल्याप्रमाणे चौकोन बघितले. ऑटोकॅड रीजनरेट (आराखडा पुन्हा रेखाटणं) करताना एकच चौकोन भरतो. मॅक्समध्ये जड सोफ्यावर मॉडिफायर लावला तरी एकच. फायनल रेंडरला आठही चौकोन पूर्ण भरतात. आणि एक नवीन गोष्ट लक्षात आली: प्रकाश बसवताना, मटेरिअल जुळवताना मी इंटरॅक्टिव्ह रेंडर (बदल करताच चित्र लगेच नव्याने उमटवणारं) चालू ठेवते, तेव्हाही आठही भरलेले असतात. दुपारचा बहुतेक वेळ मी चित्र स्वच्छ व्हायची वाट बघत बसलेली असते. रॅम तर कायम ९० टक्क्यांच्या वर.

कोअर_कसर

मग तुमचं उत्तर जवळजवळ मिळालं. फायनल रेंडर रात्री लावून तुम्ही घरी जाता. ते चार तासांत झालं काय नि सात तासांत, सकाळी तयार असलं की पुरे. त्यासाठी महागडे कोअर घेणं मी सुचवलं नसतं. पण इंटरॅक्टिव्ह रेंडरसमोर तुम्ही स्वतः बसलेल्या असता, ग्राहकही कधी शेजारी बसलेला असतो. तिथे वाचलेलं प्रत्येक मिनिट तुमचं आहे. म्हणून तुमच्या बाबतीत १६ पूर्ण कोअरचे पैसे वसूल होतील.

कोअर वाढवून किती फायदा होईल याचा हिशोब जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्येच मांडून ठेवलाय. कामाचा ६० टक्के भाग वाटून देता येत असेल तर ८ कोअरवर वेग २.१ पट, १६ कोअरवर २.३ पट. कोअर कितीही ओता, अडीच पटीच्या पुढे जात नाही. तेच ९५ टक्के भाग वाटता येत असेल तर ८ कोअरवर ५.९ पट, १६ वर ९.१ पट, ३२ वर १२.५ पट. फोटोशॉप, ऑटोकॅड, मॅक्सचं मॉडेलिंग हे पहिल्या प्रकाराच्या आसपास किंवा त्याहून खाली. कोरोना दुसऱ्या प्रकाराच्याही वर, कारण चित्रातला प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे मोजता येतो. फक्त रेंडर सुरू होण्याआधी सीन वाचण्याचा जो टप्पा असतो, तिथे पुन्हा मोजकेच थ्रेड राबतात. लहान चाचणी-रेंडर अपेक्षेइतकं झटपट होत नाही ते यामुळेच.

पिक्सेलपाटील यांचा सल्ला नव्याने सुरुवात करणाऱ्याला योग्यच आहे. आज कोणी मला विचारलं, कोणतं रेंडर इंजिन शिकू, तर मीही कार्डावरचंच सांगेन. पण चालत्या स्टुडिओची लायब्ररी ही भांडवल असते. ती मोडून प्रोसेसरचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

वऱ्हाडी_ऊन

मी अकोल्याचा, म्हणून उन्हाळ्याबद्दल बोलायचा हक्क घेतो. नेटवरचे बहुतेक तापमानाचे आकडे २१ ते २५ अंशांच्या खोलीत मोजलेले असतात. सीपीयू कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंश वर, एवढ्यावरच धरून ठेवू शकतो. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८५ ला स्थिर असेल तर ४० अंशांच्या खोलीत तो १०० कडे जाणार. रायझनची मर्यादा ९५ अंश आहे. ती गाठली की तो स्वतःच वेग कमी करतो. मशीन जळत नाही, पण ज्या वेगाचे पैसे मोजले तो मे महिन्यात मिळत नाही.

९९५०एक्स वर १७० वॉट लिहिलेलं असलं तरी पूर्ण भारावर सॉकेटची मर्यादा २३० वॉटची आहे. १४७००के ची २५३. यावर सोपा उपाय बायोसमध्येच (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) आहे, वीज मर्यादेत ठेवणारा इको मोड. १०५ वॉटच्या इको मोडला मर्यादा १४२ वॉटवर येते. रेंडर थोडं मंदावतं, पण वीज ज्या प्रमाणात कमी होते त्या मानाने वेग फारच कमी घटतो, आणि एका थ्रेडच्या कामात फरक जाणवतही नाही. आमच्याकडे एप्रिल ते जून मशीन इको मोडवर ठेवण्याची पद्धत आहे.

दुसरं, डेझर्ट कूलरचा झोत मशीनवर थेट येऊ देऊ नका. ओलसर हवेतली धूळ रेडिएटरच्या पात्यांत चिखलासारखी बसते आणि ब्लोअरने निघत नाही. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं दिसायला छान असतं पण हवा कोंडते. जाळीमागचा फिल्टर उन्हाळ्यात दर आठवड्याला झटका.

शाईवाला

धागा छान रंगलाय, माझी शंका पण विचारून घेतो. आमचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप. मोठ्या फ्लेक्सला मशीन रडतं. आम्हालाही १६ कोअर लागतील का?

कोअर_कसर

शाईवाला दादा, नाही. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स १०० डीपीआयला केला तर २४,००० गुणिले १२,००० म्हणजे २८.८ कोटी पिक्सेल. सीएमवायके मध्ये प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. म्हणजे पूर्ण आकाराचा एकेक लेअर उघडल्यावर साधारण साडेअकराशे एमबीचा. पाच-सात लेअर आणि त्यांची हिस्टरी धरली की १६ जीबी रॅम कधीच संपते, आणि फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर (रॅम कमी पडली की वापरायच्या तात्पुरत्या जागेवर) लिहायला लागतं. ती डिस्क फिरती असेल तर मशीन रडणारच.

तुम्हाला ६ ते ८ वेगवान कोअर पुरेत. रायझन ७ ९७००एक्स ६५ वॉटच्या वर्गातला आहे, किंवा इंटेलचा अल्ट्रा ५ २४५के. बाकी पैसा ६४ जीबी रॅमला आणि स्क्रॅचसाठी वेगळ्या एनव्हीएमई (वेगवान जातीच्या) एसएसडीला द्या. आणि लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय ठेवलंत तर तोच लेअर निम्म्यावर येतो.

शाईवाला

अहो, हे आजवर कोणी सांगितलंच नाही. दुकानदार प्रत्येक वेळी आय९ च सुचवतो. मनापासून आभार.

लग्नसराई

मग व्हिडिओ एडिटिंगवाल्यांचंही सांगा. कॅमेऱ्यातून १०-बिट ४:२:२ एच.२६५ (रंगांची जास्त माहिती असलेलं, दाबून साठवलेलं) फुटेज येतं. टाइमलाइन अडकते.

लोखंडी_पाटी

तुमच्या बाबतीत कोअरपेक्षा मीडिया इंजिन (व्हिडिओ उलगडणारं हार्डवेअर) बघा. ४:२:२ एच.२६५ उलगडणारं हार्डवेअर इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये अकराव्या पिढीपासून आहे. रायझनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये नाही. एनव्हिडियात ते आरटीएक्स ५० मालिकेपासून आलं. ३० किंवा ४० मालिकेत नाही. म्हणून जुनं कार्ड ठेवायचं असेल तर २६५के घ्या, आणि नावात एफ असलेला अजिबात नको, त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं. ५० मालिकेतलं कार्ड घेणार असाल तर प्रोसेसर कोणताही चालेल. आफ्टर इफेक्ट्स जास्त वापरत असाल तर २०२१ पासून ते अनेक फ्रेम एकाच वेळी रेंडर करतं, तिथे कोअर आणि रॅम दोन्ही कामी येतात.

रेखाटणी

सगळं वाचतेय, एकेक शंका सुटतेय. दोन राहिल्या. १४७००के बद्दल बिघाडाच्या बातम्या वाचल्या होत्या, त्या खऱ्या का? आणि एका मित्राचं म्हणणं, एवढं करतेस तर थ्रेडरिपर (एएमडीचा वर्कस्टेशनचा महागडा प्रोसेसर) च घे.

लोखंडी_पाटी

बातम्या खऱ्या होत्या. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि काहींची आतून कायमची झीज झाली. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) सुधार दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आज नवा १४७००के घेऊन, पहिल्याच दिवशी बायोस अपडेट करून, इंटेलच्या मूळ सेटिंगवर ठेवला तर घाबरायचं कारण नाही. सेकंडहँड मात्र घेऊ नये, कारण झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. १४७००के च्या बाजूने एकच गोष्ट, तो डीडीआर४ च्या बोर्डावरही चालतो. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटाला असे चढले की ज्याच्याकडे जुनी ६४ जीबी डीडीआर४ पडून आहे त्याला तो परवडेल. ताईंची जुनी रॅम ३२ च आहे, त्यामुळे तो फायदा नाही.

थ्रेडरिपर उत्तम चीज आहे. तो एकेका बोर्डावर तीन-चार कार्डं लावणाऱ्याने, शेकड्यांनी जीबी रॅम लागणाऱ्याने किंवा हुडिनीत पाणी-धुराची सिम्युलेशन करणाऱ्याने घ्यावा. चार चॅनेलची रजिस्टर्ड (सर्व्हरच्या जातीची) रॅम, वेगळा महाग बोर्ड, ३५० वॉट. एका कार्डाच्या इंटिरिअर स्टुडिओत त्या पैशात दोन ९९५०एक्स मशीनं उभी राहतील, आणि सहकाऱ्याला दुसरं मशीन मिळालं तर तुमचं काम जास्त पुढे जाईल.

वऱ्हाडी_ऊन

एक्स३डी चा मोह कोणी घालेल तर तोही टाळा. ९९५०एक्स३डी मधली जादा कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) गेममध्ये चमकते, रेंडरला तिचा विशेष उपयोग नाही.

रेखाटणी

ठरलं मग, ९९५०एक्स. आता रॅम. दुकानदार म्हणतो १६ जीबीच्या चार पट्ट्या लावू, स्वस्त पडतील, चारही स्लॉट भरलेले छान दिसतात.

कोअर_कसर

चार पट्ट्या लावू नका. या प्रोसेसरला दोन पट्ट्या असतील तर एएमडी ५६०० चा वेग देते, चार झाल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो. ३२ च्या दोन घ्या म्हणजे ६४ जीबी. तुमचे सीन वाढताहेत, म्हणून ४८ च्या दोन, एकूण ९६ जीबी जमल्या तर उत्तम. भाव फारच चढे असतील तर आता ६४ वर थांबा, पण पुढे त्यात आणखी दोन पट्ट्यांची भर घालायचा बेत करू नका. वेगवेगळ्या खरेदीच्या पट्ट्या एकत्र नीट चालतीलच याची खात्री नसते.

बाकी सूचना: प्रोसेसर बॉक्स पीसच घ्या. ट्रे पीस (खोक्याविना सुटा) स्वस्त सांगतात, पण त्याची वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर असते. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सीरिअल नंबर टाकून घ्या, तुमची नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटही मिळेल. एसएमपीएस ८५० वॉटचा घ्या, पुढे मोठं कार्ड आलं तरी बदलायला नको. यूपीएस प्युअर साइन वेव्हचा, निदान १ केव्हीएचा. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याएवढा वेळ मिळाला म्हणजे झालं. रात्रीच्या रेंडरला कोरोनाचं ऑटोसेव्ह चालू ठेवा, अर्धवट राहिलेलं रेंडर सीएक्सआर फाइलमधून पुढे नेता येतं.

रेखाटणी

९६ जीबीची ऑर्डर दिली. जोडणी शनिवारी, मी समोर बसून करून घेणार आहे. पहिल्यांदा चालू करताना काही विशेष बघायचं?

वऱ्हाडी_ऊन

हो ताई, हे मुद्दाम लक्षात ठेवा. एएम५ च्या बोर्डावर पहिल्यांदा वीज दिली की मशीन आधी रॅमचं ट्रेनिंग (रॅमशी जुळवून घेण्याची तपासणी) करतं. पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच. ९६ जीबीला यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात. दुकानातला मुलगा घाई करून बटण दाबेल, दाबू देऊ नका, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मग बायोस अपडेट करा, एक्स्पो (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, आणि घरी आणल्यावर पहिल्या रात्री रेंडर न लावता मेमटेस्ट (रॅममधल्या चुका शोधणारी चाचणी) लावा. एकही चूक दिसली तर एक्स्पोचा वेग एक पायरी खाली आणा आणि पुन्हा तपासा. तरीही चूक दिसलीच तर पट्ट्या लगेच बदलून मागा, त्यात जास्त दिवस जाऊ देऊ नका.